काकांनी हौसेने केलेलं प्लास्टर फुगलंय. भिंतीचं काय करू आणि काकांचं काय करू?

उंबरठ्यावर

घर आजोबांनी बांधलेलं. दगडी जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या दीड फुटी विटांच्या भिंती, वर कौलं. १२ वर्षं कुलूपबंद होतं. आम्ही तिघा भावंडांनी गेल्या वर्षी ठरवलं की विकायचं नाही, पाडायचंही नाही, राहण्याजोगं करायचं. सगळं ठेक्याने द्यायची ऐपत नव्हती. थोडी खुमखुमीही होती, खोटं कशाला बोलू. म्हणून दर सुट्टीला घरचीच फौज: काका, आत्तेभाऊ, दादा-वहिनी, माझा नवरा आणि त्याचे दोन मित्र. या दोघांना "एक दिवस सामान हलवायला या" म्हणून बोलावलं होतं, ते अजून येतायत.

बरंचसं काम नीट झालं. कौलं उतरवून, धुऊन, फुटकी बाजूला काढून परत चढवली (वर चढायला जाणकार माणूस घेतला होता, शिव्या देऊ नका). खिडक्यांचे रंग खरवडले. एका खिडकीवर सात थर निघाले. सगळ्यात खालचा हिरवा बघून काका म्हणाले, हा मी सहावीत असतानाचा.

घोळ मधल्या खोलीच्या भिंतीचा आहे. खालचं तीनेक फूट चुन्याचं प्लास्टर लोणा लागून गळत होतं. हात फिरवला की भुकटी. काका म्हणाले, "हे चोळलं तरी पडतंय, सिमेंटने एकदाच पक्कं करून टाकू." आठ दिवस ते एकटे खपले. वय ६८. बोटांना चिरा पडल्या, तरी रोज दोनदा पाणी मारत होते. भिंत आरशासारखी झाली, फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला.

आता आठ महिने झालेत, मध्ये एक पावसाळा गेला. सिमेंटच्या वरच्या कडेला, म्हणजे साडेचार फुटांवर, ओलीची नवीन काळपट रेघ आलीय. तिथला प्लास्टिक पेंट फुग्यासारखा उचललाय. खाली सिमेंटवर बोटाने ठोकलं की दोन ठिकाणी बद्द वाजतं.

काका दर आठवड्याला फोनवर विचारतात, "भिंत काय म्हणते?" मी म्हणते, "मस्त."

भिंतीचं आणि काकांचं, दोन्हीचं सांगा.

जोरात_ठोक

पाडा. आरसीसी बांधा. जुन्या घरात घातलेला पैसा म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी.

थापीवाला

दर धाग्यावर हा एक सल्ला असतोच. दीड फुटी भिंत आहे हो, आत बसून बघा कधी उन्हाळ्यात.

ताई, आधी भिंतीचं. ओल जमिनीतून वर चढतेय. वीट आणि चुना दोन्ही सच्छिद्र, दिव्याची वात तेल ओढते तसं खालचं पाणी ओढतात. पूर्वी ते पाणी चुन्याच्या प्लास्टरमधून बाहेर येऊन उडून जायचं. उडताना सोबत आणलेले क्षार मागे ठेवायचं, तोच तुमचा लोणा. म्हणजे ते गळणारं प्लास्टर बिघडलेलं नव्हतं. विटांऐवजी स्वतः झिजत होतं, त्याचं कामच ते.

काकांनी त्यावर सिमेंट लावलं म्हणजे पाण्याचं दार बंद केलं. पाणी आत येतंच आहे, बाहेर पडायला जागा नाही, मग ते जागा मिळेपर्यंत वर जाणार. तुमची रेघ तीन फुटांवरून साडेचारवर गेली ती अशी. वरून प्लास्टिक पेंट, म्हणजे तिथेही झाकण.

छिन्नी उचलण्याआधी एवढं करा. ओलसर भागावर पाटाएवढी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा, दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतलं बाष्प थंड भिंतीवर साचतंय. फॉइलच्या मागे जमले तर भिंतच ओली. मग बाहेर जाऊन बघा: बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आहे का, पागोळ्या कुठे पडतात, मोरीचा किंवा नळाचा पाईप त्या भिंतीतून जातो का. जमिनीतली ओल बहुधा मीटरभर चढते. त्याच्या बरीच वर गेली तर दुसरं काही आहे का ते शोधायचं.

फेजन्यूट्रल

त्या भिंतीत प्लगपॉइंट आहेत का?

उंबरठ्यावर

दोन. वायरिंग आत्तेभावाने केलंय. तो एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला आहे, त्याला कळतं.

फेजन्यूट्रल

मशीन कळतं याचा अर्थ घराचं वायरिंग कळतं असा होत नाही. मी २२ वर्षं हेच करतोय, म्हणून तोंड उघडतो.

ओल्या भिंतीतले पॉइंट आजच मेन बोर्डावरून बंद करा. मग आत्तेभावाला हे विचारा, रागावला तरी विचारा: अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत नेलीय की तिसऱ्या पिनेपाशीच संपलीय? जुन्या घरात बहुतेक वेळा दोनच तारा असतात आणि लोक वर तीन पिनांचा सॉकेट बसवून मोकळे होतात. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, आहे का? एमसीबी तार जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी, आणि हा फरक भल्याभल्यांना माहीत नसतो. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार चालते, प्लगला अडीच, गीझरसारख्या जड वस्तूला चार आणि तिची लाईन वेगळी.

घरच्यांना चर मारायला द्या, पाईप बसवायला द्या, तारा ओढायलाही द्या. जोडणी आणि तपासणी परवानावाल्याकडूनच. आणि चर शक्यतो उभे मारा. आडवा खोल चर भिंतीला कापतो. ढोबळ हिशेब असा की उभा चर जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, आडवा सहाव्या हिश्शापर्यंत, त्याहून खोल नाही.

उंबरठ्यावर

आरसीसीबी नाहीये. आत्ताच बघितलं. पॉइंट बंद केले.

सुताराचीलेक

सात थर वाचून पोटात गोळा आला. कोरडे घासलेत का? जुन्या तैलरंगात शिसं असायचं. कोरडं घासलं की ती धूळ नाकात जाते आणि लहान मुलांना त्याचा फार त्रास होतो. ओल्या पॉलिश पेपरने घासायचं, मास्क लावायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, कचरा केरसुणीने उडवायचा नाही, ओल्या फडक्याने गोळा करायचा. ज्योत लावून तर रंग जाळायचाच नाही.

काकांबद्दल माझ्या घरचं सांगते. भावाच्या मित्राने प्रेमाने आमचा पुढचा दरवाजा रंधला. पावसाळ्यात अडकत होता म्हणून. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच, आणि सुकलं की परत बसतं. त्याने ऐन पावसात चांगलं बोटभर काढलं. उन्हाळ्यात फटीतून रस्ता दिसायला लागला. बाबा सुतार, दुसऱ्याच दिवशी पट्टी जोडून देतील असे, पण चार वर्षं त्या फटीत कापडाची गुंडाळी होती. का, तर तो मित्र घरी येतो, त्याला दिसेल. शेवटी त्यानेच एकदा विचारलं, "ही चिंधी कशाला?"

तुम्ही 'मस्त' म्हणताय ती तुमची चिंधी आहे.

वाचनमात्र

वाचतेय. आमच्याकडेही अशीच भिंत आहे, फक्त प्लास्टर सासऱ्यांचं.

तीन_मेहुणे

मेहुण्यांसोबत अख्खं घर काढलंय, तीनही मेहुणे अजून बोलतात, म्हणून हक्काने लिहितो.

मदतीला आलेल्या माणसाला काम द्यायचं, निर्णय द्यायचा नाही. आमचं पहिल्याच महिन्यात बिनसलं. एकाने न्हाणीघराचा उतार दाराकडे धरला, दुसऱ्याने जाळीकडे, दोघेही वयाने मोठे, आणि मी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत मधोमध. पाणी कुठेच जाईना, खोलीच्या मध्यावर तळं. उतार दर मीटरला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास लागतो, जाळीकडेच, हे मला माहीत होतं. बोललो नाही. फरशी उखडली तेव्हा तिघांचीही तोंडं वाकडी झाली, आणि राग कोणावर तर माझ्यावर, की तू मालक असून गप्प का बसलास.

तेव्हापासून दाराच्या कडीला सुतळीने एक वही बांधली. आज काय करायचं, कोणी करायचं, कुठे थांबायचं. 'कुठे थांबायचं' हे सगळ्यात महत्त्वाचं. उत्साही माणूस जुनं घर दुरुस्त करत नाही, उकरतो. "एवढं ढिलं आहे तर काढूनच टाकतो" हे वाक्य ऐकलं की मी हातातलं टाकून धावायचो. एकदा धावायला उशीर झाला आणि ज्याला तो पडदी समजत होता त्या भिंतीवर वरची तुळई टेकलेली निघाली. नशिबाने चार विटांवरच निभावलं. भिंत काढायची तर आधी वर जाऊन बघायचं की वासे नि तुळया कुठल्या दिशेने जातात, कशावर बसल्यात. तरीही शंका राहिली तर इंजिनिअर.

आणि मित्रांना संध्याकाळपर्यंत संपेल असं काम द्या. कौलं धुणं, एक खिडकी खरवडणं, विटा रचणं. दिवसभर राबून काही झालेलं दिसलं नाही तर माणूस पुढच्या सुट्टीला आजारी पडतो.

थापीवाला

वहीला +१. तुळईचं वाचून घाम फुटला.

उंबरठ्यावर

फॉइल काढली. पाणी मागच्या बाजूला, बोटाने रेघ ओढता येईल इतकं. खोलीकडची बाजू कोरडी ठणठणीत.

मग बाहेर गेलो. त्या बाजूला जाणं होतच नाही, नुसती झुडपं. ती तोडल्यावर दिसलं की कधीतरी कोणीतरी भिंतीला लागून काँक्रीटचा कोबा केलाय, जोतं पूर्ण झाकून. दादाने लेव्हल पाईप लावला (पारदर्शक नळीत पाणी भरून, बुडबुडे काढून), तर बाहेरचा कोबा आतल्या फरशीपेक्षा वीतभर वर निघाला. कोब्याचा उतार भिंतीकडे. आणि बरोब्बर तिथेच पन्हळ फुटलेली, कौलांचं सगळं पाणी त्या कोपऱ्यात.

म्हणजे काकांनी काही केलं नसतं तरी ही भिंत ओलीच राहिली असती.

सुताराचीलेक

आता काकांना दाखवण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे. फोनवर सांगू नका, बोलवून दाखवा. आधी बाहेर न्या, मग आत.

इंजेक्शनवाला

बाजारात भिंतीला भोकं पाडून भरायचं रसायन मिळतं, खालून ओल अडवतं. सिमेंट फोडायची भानगडच नको.

थापीवाला

मिळतं. पण कोबा वीतभर वर असताना भोकं नक्की कुठे पाडणार? पाणी वरच्या अंगालाच लागतंय. आधी फुकटचे उपाय: कोबा काढा, जमीन फरशीच्या खाली न्या, उतार बाहेर, पन्हळ बदला. मग वर्षभर बघा. निम्म्या घरांत पुढचं काही लागतच नाही, असा माझा अनुभव.

सिमेंट काढताना ब्रेकर मशीन लावू नका. बद्द वाजतंय तिथून सुरुवात करायची, छिन्नी जवळजवळ आडवी धरून, हातोडी हलकी. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे घाई केली की विटेची कातडी घेऊनच सुटतं. ओलीच्या रेघेच्या वर फुटभर जास्त काढा. सांधे अर्धा-पाऊण इंच उकरा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतले की विरघळून परत आत जातात.

मग काही करायचं नाही. हेच कोणाला जमत नाही. जाड भिंत सुकायला इंचाला एक महिना धरतात, म्हणजे तुमची दीड वर्ष. पूर्ण सुकेपर्यंत थांबा असं म्हणत नाही, चुन्याचं प्लास्टर भिंतीला सुकू देतंच. पण निदान एक कोरडा हंगाम उघडी ठेवा.

उंबरठ्यावर

काका आले होते. लिहायला तीन दिवस लागले.

आधी बाहेर नेलं, कोबा दाखवला. वाकून बघितला, म्हणाले, "हा आम्हीच केला. तू जन्मायच्या आधी. चिखल व्हायचा म्हणून." मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. मग आत येऊन त्यांनी भिंतीवर बोटाची मागची पेरं वाजवली. वर ठक, ठक. खाली बद्द. चार वेळा तेच. फुगलेल्या रंगाला नख लावलं तर तळहाताएवढा पापुद्रा आला.

म्हणाले, "हे कधीपासून?"

मी सांगितलं.

"अगं, आठ महिने मला मस्त मस्त म्हणत होतीस?"

भिंतीपेक्षा त्यांना याचं जास्त लागलं. बराच वेळ पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं आता निघतील. आत येऊन म्हणाले, "छिन्नी कुठाय?"

त्यांनीच काढलं. पहिलं ढलपं थाळीएवढं सुटलं, विटेचा लाल पापुद्रा सोबत घेऊन. मागे वीट काळी, हात लावला तर थंड आणि ओली, आणि बंद कपाटासारखा वास. काका ते ढलपं उलटसुलट करून बघत म्हणाले, "काम मात्र चांगलं झालं होतं. कुठेही चीर नाही." खरं होतं ते. नवऱ्याने पाठ फिरवली, मला माहितीय तो हसत होता.

आता ओलीच्या रेघेवर ते दर रविवारी पेन्सिलने खूण करून तारीख टाकतात. थापीवाले दादा, त्यांनी विचारायला सांगितलंय: चुना घरी भिजवला तर चालेल का आणि किती दिवस मुरवायचा?

थापीवाला

काकांना नमस्कार सांगा.

चालेल, पण तो पोरखेळ नाही. चुनकळी, म्हणजे न भिजवलेला भाजका चुना, पाण्यात पडली की पाणी उकळायला लागतं, शिंतोडे उडतात, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकचं वितळेल. आधी पाणी, मग त्यात कळी थोडी थोडी. कळीवर पाणी ओतायचं नाही, कधीच. गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि मुलांना त्या दिवशी तिथे आणूच नका. हे जड वाटत असेल तर मुरवलेला चुना विकत घ्या, कमीपणा नाही.

थंड झाल्यावर जाळीतून गाळून वर चार बोटं पाणी ठेवून झाका. हवा लागली नाही तर वर्षानुवर्षं टिकतो, कारण चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, सिमेंटसारखा पाण्याने नाही. किमान महिनाभर मुरवा, तीन महिने मिळाले तर लोण्यासारखा होतो. तुमची भिंत तशीही सुकायचीय, घाई कुणाला आहे?

एक भाग चुना, तीन भाग चाळलेली, टोकदार कणांची वाळू. ओल्या भिंतीसाठी थोडी विटांची भुकटी, सुरखी, म्हणजे चुना ओलीतही घट्ट होतो. एका थराला आठ-दहा मिलिमीटरच, पुढचा थर आधीचा नखाने दबला जाईनासा झाला की. ऊन आणि वारा लागू देऊ नका, ओलं गोणपाट टांगा. भराभर सुकला तर चिरा पडतात, काकांना पाणी मारायची सवय आहेच, ती इथे कामाला येईल, फक्त फवारा. वरून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक पेंटचा डबा घरातून बाहेर.

फेजन्यूट्रल

आत्तेभावाचं काय झालं?

उंबरठ्यावर

परवानावाला येऊन गेला. अर्थिंग नव्हतंच, जोडणी सगळी परत केली. आत्तेभाऊ दोन सुट्ट्या आला नाही. फोन केला तर "तिकडे आता मोठे लोक आहेत ना" म्हणाला.

फेजन्यूट्रल

त्याने टाकलेले पाईप परत काढावे लागले का?

उंबरठ्यावर

नाही. तो माणूस म्हणाला पाईप सरळ आहेत, तारा एका ओढीत आल्या.

फेजन्यूट्रल

मग हे त्याला शब्दशः सांगा, तारा एका ओढीत येणं म्हणजे काय ते त्याला कळेल. आणि बोर्डावर कुठली एमसीबी कुठल्या खोलीची याच्या पट्ट्या लावायला बोलवा. कुठला पाईप कुठे गेलाय ते त्याच्याशिवाय कोणाला माहीत आहे?

उंबरठ्यावर

सांगितलं. "बघतो" म्हणाला. त्याचं बघतो म्हणजे येतो असतं.

या रविवारी बाहेरचा कोबा फोडून चर खणायचाय. सातजण येतायत, फावडी चारच आहेत. वही बांधलीय. 'कुठे थांबायचं' च्या रकान्यात काय लिहू?

थापीवाला

चार फावडी पुरे, तिघांनी माती वाहायची. लिहा: फरशीच्या पातळीखाली वीतभर, बस्स. जोत्याच्या दगडाचा तळ दिसायला लागला तर फार खाली गेलात, माती परत टाका. एका दमात सगळी लांबी उघडी करू नका, एक-दीड मीटर खणा, उतार द्या, मग पुढचा तुकडा. माती भिंतीपासून लांब टाका, नाहीतर पहिल्या पावसात तिथेच परत येईल.

आणि कोब्यावर पहिला घाव काकांना घालू द्या.

तीन_मेहुणे

पहिलाच. दुसरा घालायला निघाले तर वही दाखवा.